अकरा नंबरचं पातं

पिंपळखडी पठार,
ता. कर्जत, जि. अहिल्यानगर
दि. १९ ऑगस्ट २०२५, मंगळवार

चि. दिशा,

तुज्या आगाऊ आज्जीचा आशीर्वाद घे, नाकावरचा राग पूस, आनि मग पुढं वाच. तू फोन उचलत न्हाईस. आठ दिसांत सतरा बार लावला. तुजी आई म्हनती तिचा फोन बंद असंल. मी म्हनलं, अश्विनी, बंद फोन एवढा वाजतो व्हय? म्हनून हा कागद. ह्याला कट करता येत न्हाई, आनि फाडायचा म्हनलं तरी आधी उघडावा लागतो.

हितलं बरं चाललंय. म्हैस व्याली. रेडा झाला, म्हनून तुज्या बापानं तिच्याकडं बघायचं सोडलंय. ह्या घरात पोरगा झाला म्हनून बोलनी खानारी ती पैलीच.

ढग मातर उठंना. त्या सोमवारपासनं पठारावर बसलाय तो बसलाय. सकाळी दार उघडलं की पावन्यासारखा आत येतो. समोरची चिंच दिसत न्हाई. धुनं चार दिस दोरीवर हाय, त्याला वास सुटलाय. डोंगरावरच्या पवनचक्क्या नुसत्या ऐकू येत्यात, हूं हूं करत. वरनं कुनीतरी डालगं पालथं घातलंय आनि खाली आमी कोंबड्या, असं झालंय. मी म्हनलं मिरजगावला जाऊन डोळ्याचे थेंब आनते, तेवढंच खाली उतरनं हुईल. तर तुजा बाप सुनील म्हनला, तू कशाला, मी आनतो. थेंब आले. मी हितंच. डोळे आता बरे न्हाईत बग माजे. लांबचं नीट दिसत न्हाई. हे तुला म्हाईत असावं म्हनून लिवलं.

दिवाळीत तू चुलीपाशी बसून माज्या गरम भाकरीचे आठ वाटे केले हुतेस. म्हनालीस, आज्जी, आभाळ म्हंजे ही भाकरी. दोन वाटे ढगानं झाकले तर भ्यायचं न्हाई. चार झाकले तरी मधनं वाट असती. पाच झाकले की त्याला छत म्हनायचं, आनि मग ते छत किती उंच हाय ते बघूनच विमान काढायचं. मी म्हनलं, छत गार झालं, खा आता. ते सगळं मी शेजारच्या रतनबाईला शिकवलं. आता ती रोज सकाळी वसरीवरनं इचारती, चांगुणे, आज किती वाटे? मी म्हनते, आठ. ती म्हनती, मग कोरड्यास बी कर.

परवा एक आगाऊपना केला. तुला विमान शिकवनाऱ्या दानीएल सरांना फोन लावला. सुनील अंघोळीला गेल्ता, त्याच्या फोनातनं नंबर घेतला. खडूस खडूस म्हनत हुतीस, मानूस तर गोड बोलतो. मी म्हनलं, सायेब, अडीच हजार फुटांवर ढग असं तुमी म्हनता, ते मोजता कुटनं? म्हनले, आज्जी, आमच्या धावपट्टीच्या जमिनीपासनं. मी म्हनलं, मग आमच्या पठारावर? तर म्हनले, तुमचं पठार आमच्यापेक्षा हजार फूट उंच हाय. म्हंजे तुमच्या डोक्यावर दीडच हजार उरलं, आनि ते बी ढगानं तीच पातळी धरली तर. डोंगरापाशी ढग लोंबतो, आमच्या आकड्याला ते दिसत न्हाई. म्हनून आकड्यातनं डोंगर वजा करायचा, आनि वर जाऊन परत डोळ्यानं बघायचं. डोळ्याला ढग खाली दिसला तर आकडा सोडून द्यायचा. वळायला जागा हाय तवरच वळायचं.

एवढं मला कळलं. मी सातवीतनं शाळा सोडून घरी बसलेली बाई. मग त्यांनी मला एक गोष्ट इचारली आनि फोन कट झाला. हितं रेंज कशी असती तुला म्हाईतच हाय.

तुला महिनाभर विमानाला हात लावायचा न्हाई असं त्यांनी ठरवलंय, आनि नऊ सप्टेंबरला तुजं काय करायचं त्याची बैठक हाय, हे सुनीलनं सांगितलं. तो रागात न्हाई, खुशीत हाय, आनि मला त्येचीच भीती वाटती. राहुरीचं एक स्थळ काडलंय त्यानं. पोरगा ऊसतोडनीची मशीन चालवतो. मी म्हनलं, लगीन झाल्यावर पोरगी बी चालवंल, दोगं मिळून ऊस तोडतील. कुनी हसलं न्हाई.

त्या सोमवारचं काय लिवू. तू सुखरूप उतरलीस, देवीला नारळ फोडला. त्या दिशी संध्याकाळी तू फोनवर रडत मला जे इचारलंस, ते मला ऐकू आलं न्हाई असं समजू नगंस. म्हैस वरडतीया, दावं तोडलं वाटतं. थांबते.

तुजी,
आज्जी


पिंपळखडी पठार
दि. ३ सप्टेंबर २०२५, बुधवार

दिशे,

काल गौरी गेल्या. परवा त्यांना जेवू घातलं, तवा तुज्या बापाच्या फोनात तुजं आलं. त्यानं पुरनपोळीचा घास हातात धरून मोठ्यानं वाचलं. "बाबा, न्यायला या. नऊ तारखेच्या आधी मी राजीनामा देते. मला आभाळ वाचता येत नाही." वाचून झाल्यावर घास खाल्ला त्यानं. म्हनला, बरं झालं, स्वतालाच कळलं. तुजी आई पदरानं भांडी पुसत ऱ्हायली. मी गौरींकडं बघत बसले. त्या बी माज्याकडं.

मागल्या कागदात मी डोळ्यांचं लिवलं हुतं. ते खोटं. थेंब मी मागवले आनि तशीच बाटली कोनाड्यात ठिवलीया, झाकन बी उघडलं न्हाई. माजे डोळे चांगले हायेत. रतनबाईच्या नाकातली चमकी ह्या वसरीवरनं दिसती मला. तुला उद्या कळलं असतं तर म्हातारीला दिसलं न्हाई म्हनून सोडून दिलं असतंस, म्हनून आधीच पेरून ठिवलं.

आता सरळ लिवते.

आपलं ठरलेलं तुला तोंडपाठ हाय, तरी लिवते, कारन हा कागद तुला आनखी कुनाला दाखवावा लागंल. धावपट्टीचा आकडा डोंगरावरचं सांगत न्हाई, म्हनून पठारावरनं जायचं असलं की तू निघायच्या आधी मला फोन करायचीस. पुसायचीस, "आज्जी, अकरा नंबर?" डोंगरावर सगळ्यात उंचावरची पवनचक्की ती, खांबावर अकरा रंगवलेलं. मी वसरीवर उभं ऱ्हाऊन शंभर अंक मोजायचे. शंभरात एकदाबी पात्याचं टोक ढगात बुडलं न्हाई, तर म्हनायचं "पातं". बुडलं तर म्हनायचं "न्हाई". पातं म्हनलं की तू पठारावरनं सरळ. न्हाई म्हनलं की खालनं, हायवे धरून, वळसा घालून. सहा बार मी असं सांगितलं. त्यातलं चार बार न्हाई म्हनले, आनि तू मुकाट्यानं खालनं गेलीस.

सातव्या बारी तू एकटीनं लांबचं पैलं जानार हुतीस.

आदल्या आठवड्यात रतनबाई हौदावर चार बायांत म्हनाली, चांगुणे, तुजी नात विमान चालवती का विमानात पानी वाटती? मस्करीच हुती. मी रोज तिची करते, एक दिस तिनं केली. पन मला लागलं. मी म्हनलं, सोमवारी दहा वाजता शाळंच्या पटांगनात या, डोक्यावरनं जाईल, पदर सांभाळा. आनि तुला फोनवर म्हनलं, पोरी, पठारावरनं जाशील ना गं, दोन मिंटं. तू म्हनालीस, आकड्यात बसलं आनि तू पातं म्हनलीस तर.

सोमवारी सकाळी श्रावनाचा उपास. मी सातला वसरीवर आले. अकरा नंबरला मुंडकं नव्हतं. आठला बघितलं, नुसता पाय. नऊला धड दिसलं. तिकडं शाळंपाशी बाया जमाय लागल्या. रतनबाईनं तर ओवाळायचं ताट आनलं हुतं, विमानाला कुंकू लावायला. माजं काळीज असं फुगलं हुतं, दिशे. तुजा आजा गेला तवा मी एकतीस वर्षांची. तवापासनं ह्या पठारावरनं खाली उतरायला मला कुनालातरी इचारावं लागतं. आधी सासऱ्याला, मग दिराला, आता सुनीलला. कुनी वाईट न्हाई. पन इचारावं लागतं. आनि माज्या रक्ताची पोर कुनाला न इचारता ह्या सगळ्यांच्या डोक्यावरनं जानार हुती. ते मला बघायचं हुतं. मला ते बायांना दाखवायचं हुतं, आनि त्यापेक्षा जास्त माजं मलाच बघायचं हुतं.

साडेनवाला तुजा फोन वाजला. मी फोन हातात धरला, उचलला न्हाई. अकरा नंबरकडं बघत ऱ्हायले. तेवढ्यात ढग जरा फाटला आनि पातं दिसलं. पांढरं, वलं, एक फेरा मारला. मी फोन उचलला आनि म्हनलं, "पातं."

मोजलं न्हाई मी. शंभर न्हाई, दहा बी न्हाई. तू म्हनालीस, "नक्की ना आज्जी?" मी म्हनलं, "अगं माज्या डोळ्यांनी बघतीया." ते बोलताना पातं परत बुडालं हुतं. बघत हुते मी. ढग त्याला गिळत हुता आनि मी फोनवर हसत हुते.

मग पटांगनात. आवाज आला. बाया टाळ्या वाजवाय लागल्या. वर काय दिसत नव्हतं, नुसतं धुरकट. आवाज डोक्यावर आला आनि पुढं जायचा तर गेला न्हाई. वळला. परत आला. परत वळला. रतनबाई म्हनाली, बग की, आपल्याला ओवाळतीया. बाया हसल्या. मला कळलं. तू पुढं जाऊ शकत न्हाईस, मागचं बी मिटलंय, खाली पंखे आनि वर ढग, आनि मधल्या एवढ्याशा भोकात तू गोल गोल फिरतीयास. मी तवा मोजाय लागले. साडेनवाला मोजले न्हाईत ते अंक तवा मोजले. सातशेच्या पुढं गेले तवा बायांच्या टाळ्या थांबल्या हुत्या. रतनबाईनं ताट खाली ठिवलं आनि माजा हात धरला. आवाज पंख्यांच्या अंगाला गेला की माजं डोकं रिकामं व्हायचं, आनि परत आला की मी पुढचा अंक धरायची. अकराशे चाळीसला आवाज खाली घसरला, हायवेच्या अंगाला, आनि बारीक हुत गेला. तो गेला ते विमान पडलं का उतरलं हे मला दुपारपातुर म्हाईत नव्हतं.

ह्या तीन आठवड्यांत बाहेर ढग नसला तरी मला त्यातनं बाहेर येता आलेलं न्हाई. भाकरी थापते तरी तो आवाज गोल फिरतो. रतनबाई इचारती कोन्या दिशी परत येनार पोरगी, तर मी म्हनते बघू. तिला वाटतं तू चुकलीस. गावाला वाटतं तू चुकलीस. सुनीलला तर वाटायलाच हवं हुतं. मी सगळ्यांच्या मधी बसून हूं म्हनते. हूं म्हनायला बी ताकद लागती, दिशे.

त्या दिशी संध्याकाळी तू फोनवर म्हनालीस, "आज्जी, मला समोर ढग खाली दिसत होता गं. वळायला जागा पण होती. पण तू पातं म्हणालीस, म्हणून वाटलं माझ्याच डोळ्यांना तसं दिसतंय. खरं सांग, तुला दिसलं होतं ना?" आनि मी म्हनलं, "तू जेवलीस का?"

दानीएल सरांनी बी फोनवर त्याचंच इचारलं हुतं. म्हनले, आज्जी, त्या दिवशी दिशानं निघायच्या आधी कुणाला फोन केला होता का? ती सांगत नाही. रेंज चांगली हुती. मीच फोन ठिवला.

तू माजं नाव लपवून ठिवलंस. सुनील सांगत हुता, लेखी दिलंस की ढग बघितला आनि अंदाज चुकला. अंदाज चुकला नव्हता, पोरी. तुला समोर ढग खाली दिसला, कारन ढग खालीच हुता. तू बरोबर वाचलं हुतंस. जिथं वळायचं तिथं तुला वळावंसं बी वाटलं हुतं. मी तुज्या डोळ्यांवर हात ठिवला आनि तू तो आपल्या मानसाचा हात म्हनून बाजूला केला न्हाईस.

सर म्हनतील, पायलटनं आज्जीचं का ऐकावं? खरं हाय त्यांचं. डोळ्याला दिसत असताना माज्या शब्दावर गेलीस, ती चूक तुजी. पन तेवढीच तुजी. बाकीची माजी हाय, आनि ती तू तुज्या नावावर लिवून राजीनामा देशील तर मी मेल्यावर बी तुला माफ करनार न्हाई. बग, चूक माजी आनि माफ मी करनार न्हाई. आज्ज्या अशाच असत्यात.

हे लिवायच्या आधी आज सकाळी सुनीलला सांगितलं. चहा पीत हुता. सगळं सांगितलं, शंभर अंकांचं बी. त्यानं अर्दा चहा ठिवला. मला वाटलं वरडंल. वरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हनला, "आई, ती मेली असती." आनि मळ्यात गेला. आता दुपार झाली, अजून आला न्हाई. अश्विनीनं माजा फोन चार्जिंगला लावते म्हनून आतल्या खोलीत नेलाय. रागानं न्हाई नेला. तिला माज्याकडं बघवत न्हाई एवढंच. मी वसरीवर बसून हे लिवतीया. ह्या घरात आता मी कुटं बसायचं, कुनाशी काय बोलायचं, मला कळंना. बाहेर मातर लखलखीत ऊन पडलंय.

कानिफनाथ पोस्टमन पाचला टपाल घिऊन खाली जातो. स्पीडपोस्टानं टाकायला सांगते, म्हंजे नऊच्या आधी पोचंल. सुनील तुला आनायला शुक्रवारी निघनार हुता. आता निघंल का न्हाई मला म्हाईत न्हाई. आला तर त्याच्या बरूबर नऊ तारखेपातुर येऊ नगंस. बैठकीला बस. तिथं काय ठरंल ते ठरू दे, पन खरं ऐकून ठरू दे. मग विमान चालव न्हाईतर ऊस तोड, तुजं तू बग.

आनि एक. मला आता कवाच आभाळ इचारू नगंस. मला तू यायला पायजे असतीस. तू यावीस असं ज्याला लई वाटतं, त्याला आभाळ मोकळंच दिसतं. तुज्या आईला इचारू नगंस, बापाला नगंस, उद्या नवरा झाला तर त्याला बी नगंस. तुजं तू बग. तुला दिसतं.

रागव. फोन नको उचलूस. मला ते चालंल. खालचं पान फाडून सरांना दे.

तुजी,
आज्जी


मा. दानीएल सर यांस,

लिहून देते की, दि. ११ ऑगस्ट सोमवारी सकाळी साडेनऊला माझी नात दिशा सुनील लोंढे हिनं मला फोन करून डोंगरावरचा ढग विचारला. ढग पवनचक्कीच्या खाली आलेला मला दिसत हुता. पातं एकदाच दिसलं. ठरल्याप्रमानं शंभर अंक मोजून सांगायचं हुतं, ते मी मोजले न्हाईत. मी तिला मोकळं हाय म्हनून सांगितलं. ते खोटं हुतं आनि मला म्हाईत हुतं. मला तिला डोक्यावरनं जाताना बघायचं हुतं.

तिला वर गेल्यावर जे दिसलं ते खरं हुतं.

तुमी फोनवर इचारलं त्याचं उत्तर, व्हय. मला केला हुता.

चांगुणा किसन लोंढे, वय ६८
सही स्वताच्या हातानं, कुनाला न इचारता.